पूजेआधीची गोळी

दुकानाच्या परवान्यावर नाव माझं होतं आणि गल्ल्यावर बसायचे आमचे हे. लातूरला जाऊन औषधांचा डिप्लोमा मी केला, पण सिरसाळ्याच्या लोकांना माहीत होतं ते एवढंच की मेडिकल शेठचं आहे आणि आतल्या खोलीत शेठाणी खोकी फोडते. हे अचानक गेले. महिनाभरानं मी शटर वर केलं आणि त्यांच्या स्टुलावर बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं माझ्या डोक्यावरून आत डोकावून बघितलं.

"शेठ न्हाईत का?"

शेठ नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्या माणसालाही माहीत होतं, तो मातीला आला होता. मी म्हटलं, "न्हाईत. काय पायजे तुमाला?"

"मग येतो नंतर," म्हणाला आणि गेला. असे नंतर येणारे पुढं सहा महिने येत होते. बाईच्या हातची गोळी लागू पडत नाही अशी त्यांची समजूत असावी. परवाना भिंतीवर काचेत टांगलेला होता, पण तो कुणी वाचत नसे.

बाहेरच्यांना वाटतं, मेडिकल म्हणजे चिठ्ठी वाचायची, कपाटातून काढायचं आणि द्यायचं. तेवढं तर कुणीही करील. खरं काम त्यानंतरचं. गोळी घरी गेल्यावर तिचं काय होतं, हे आपल्याला दिसत नसतं. ती कधी पोटात जाते, कशासोबत जाते, अर्धी जाते की शेजारणीला जाते, सगळा अंदाज. मी खाकी पाकिटावर चित्रं काढायची. सकाळसाठी उगवता सूर्य, दुपारसाठी पूर्ण गोळा, रात्रीसाठी चंद्र. वाचता न येणाऱ्यांची सोय. आपण फार शहाणं काम करतो असं मला वाटायचं.

तो शहाणपणा एका ऊसतोड बाईनं उतरवला. दसऱ्यानंतर कारखान्याला निघायच्या आधी ती रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन गेली होती. पाकिटावर मी उगवता सूर्य काढून दिला, म्हणजे उठल्यावर, काही खायच्या आधी. परत आली तेव्हा म्हणाली, "गोळ्या सरल्या, पर चक्कर काय जाईना बाई." मी विचारलं, घ्यायचीस कशी? तर ती पहाटे तीनला कोयता घेऊन फडात जायची, भाकर खायची, आणि सूर्य उगवला की फडातच गोळी घ्यायची, गरम चहासोबत. चहानं ती गोळी अंगी लागत नाही. चित्राप्रमाणं तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. सकाळ माझी वेगळी आणि तिची वेगळी, एवढंच. मी हसले आणि विसरून गेले. तेव्हाच नीट लक्षात ठेवलं असतं तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

ते दिवस सगळं नवं येण्याचे होते. नाक्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, घरोघरी रंगीत टीव्ही येत होते आणि माझ्या कपाटात तर दर पंधरा दिवसांनी नवी कंपनी. पुण्याहून, हैदराबादेहून टाय लावलेली पोरं धुळीतून मोटरसायकलवर यायची, पेन द्यायची, भिंतीवरचं घड्याळ द्यायची. औषधाचे खोके चकचकीत झाले आणि प्रत्येक खोक्यात बारीक इंग्रजी अक्षरांचा, दहा घड्यांचा कागद येऊ लागला. आमच्या दुकानात त्या कागदानं काच पुसायची पद्धत होती. काच छान निघायची.

त्या काळात विश्वनाथआप्पांची चिठ्ठी माझ्या काउंटरवर आली.

आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या घरांतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं त्यांनी घातलेली. मशीन यायच्या आधी हे काम छिन्नी-हातोडीनं व्हायचं. डाव्या हातानं छिन्नी धरायची, उजव्यानं टिक टिक ठोके, आणि अक्षर कसं, मोत्यासारखं. माझ्या लग्नातल्या ताटांवरही त्यांचंच अक्षर आहे. त्याच डाव्या हाताला कंप सुटला. आधी अंगठा आणि बोट, मग मनगट. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुस्तकात त्याला पार्किन्सन म्हणतात. मेंदूत एक रस कमी पडतो, म्हणून हात थरथरतो, अंग आखडतं, चाल बारीक होते. गोळी तो रस भरून काढते, तीन-चार तास. मग उतरते. मग पुढची गोळी. दुखणं बरं करत नाही ती, पण माणसाला त्याचे हात काही तास परत देते.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: अर्धी गोळी, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. मी तसंच सांगितलं. आठवड्यानं आप्पा परत आले, धोतराचा सोगा धरून, पाय घासत.

"बाई, गोळी घेतली की मळमळतंय लई."

आणि माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. "उष्ण पडत असंल आप्पा. दुधासोबत घेत जा."

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलायची. अंगदुखीच्या गोळीला, तापाच्या गोळीला, सगळ्याला. आमचे हे होते तेव्हा तेही असंच म्हणायचे. आमच्याकडं औषध म्हणजे उष्ण आणि दूध म्हणजे थंड, त्यावर कुणी वाद घालत नाही. पाकिटावर मी ठळक अक्षरात लिहूनही दिलं, 'दुधासोबत'. मळमळ खरंच थांबली. मला बरं वाटलं.

पण हात काही थांबेना. आप्पा अंबाजोगाईला जाऊन आले, डॉक्टरांनी अर्धीची पूर्ण केली. दूध त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण दूध ही काय सांगायची गोष्ट? पूर्ण गोळी झाली तशी दुधाची वाटी जाऊन पेला आला. आप्पांचं म्हणणं, गोळी मोठी तर दूधही जास्त पाहिजे. हात तसाच.

इथं आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आमच्यात पुरुषांच्या गळ्यात असतं तसं बायकांच्याही गळ्यात लिंग असतं, डबीत किंवा वस्त्रात. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती, बेल, आणि हात डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसायचं. देव्हारा म्हणजे आपलाच तळहात. आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा घोटही तोंडात जात नाही. आप्पांची पूजा तासाभराची. पन्नास वर्षांत एक दिवस चुकलेली नव्हती.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. पूजा त्याच डाव्या हातावर. हात स्थिर व्हायला गोळी पाहिजे, आणि गोळी पूजेनंतर, तीही दुधासोबत. मी त्यांच्याच जातीची, त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

एका मंगळवारी मी शटर उघडतेय तोच गंगाबाई आली. ही आप्पांच्या शेजारची, दोन वेळच्या भाकरी तीच करून द्यायची. आप्पांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा, महेश, पुण्यात मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला होता.

"शक्तीची एखादी बाटली द्या बाई. आप्पांनी कालपासून पाणीबी तोंडात घेतलं न्हाई."

"कावून?"

ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काल पूजेत लिंग पडलं हातातून. फरशीवर."

 आमच्यात ही फार मोठी गोष्ट. मठातले स्वामी येऊन गेले होते, त्यांनी शुद्ध करून लिंग परत गळ्यात बांधलं होतं, आजारी माणसाला सूट असते म्हणून समजावलंही होतं. आप्पांनी ऐकलं नाही. हात थारला, थरथर थांबली तरच पूजा, पूजा झाली तरच पाणी, असं म्हणून ते बाजेवर पडून होते. म्हणजे काल सकाळपासून गोळीही बंद.

गंगाबाईला बाकावर बसवलं आणि आप्पांच्या गोळीचा खोका काढला. त्यातला दहा घड्यांचा कागद पहिल्यांदा उलगडला. भिंगानं वाचला. इंग्रजी माझं बेताचं, पण कळायचं ते कळलं. जड प्रथिनांचं खाणं, दूध, यासोबत गोळी नीट लागू पडत नाही. आणि दुसरं, गोळी एकदम बंद करायची नाही. अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जीवावर बेततं. मी ते दोनदा वाचलं. काच पुसायच्या कागदांची थप्पी माझ्या कोपराशी होती.

दुकान तसंच गंगाबाईवर टाकून मी नाक्यावर गेले आणि अंबाजोगाईला डॉक्टरांना फोन लावला. ते शांत माणूस. म्हणाले, "दूध बंद होणार असेल तर पूर्ण गोळी एकदम अंगावर येईल. अर्धीवर या. पाण्यासोबत, खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट. आणि ओकारीची गोळी मनानं देऊ नका, त्यांतल्या काहींनी कंप वाढतो. पण आज आधी पाणी पोटात गेलंच पाहिजे. दुपारपर्यंत नाही गेलं तर उचलून इकडं आणा." शेवटी त्यांनी विचारलं, "दुधासोबत घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "गावात सांगतात असं."

शटर अर्धं ओढून मी गंगाबाईसोबत आप्पांच्या घरी गेले. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. कूस बदलायलाही गंगाबाईच्या पोराला हाक मारायचे म्हणे. आवाज अगदी बारीक झालेला.

"आप्पा, अर्धी गोळी घ्या. पाण्यासोबत."

"पूजेआधी न्हाई."

"गोळीशिवाय हात थारायचा न्हाई."

"मग न्हाई थारला." भिंतीकडंच बघत म्हणाले, "पन्नास साल झाले बाई. कधी पडलं न्हाई. काहीतरी पाप असंल माझं."

मला तिथं बसवेना. पाप कुणाचं ते मला माहीत होतं. ते माझ्याच अक्षरात पाकिटावर लिहिलेलं होतं. पण मी ते बोलले नाही. मला सासूबाई आठवल्या. शेवटच्या आजारात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्या प्रत्येक गोळी आधी गळ्यातल्या डबीला टेकवायच्या आणि मग तोंडात टाकायच्या. लिंगाला दाखवून घेतलं की तो प्रसाद, आणि प्रसादाला उपास आडवा येत नाही, असं त्या म्हणायच्या. मी आप्पांना ते सांगितलं.

आप्पांनी चाचपून गळ्यातली डबी धरली. मग म्हणाले, "गोळीचा निवेद दावायचा म्हणता?"

"भाकरीचा दावतो तसाच. तुमाला भाकर बी त्यानंच दिली, गोळी बी त्यानंच."

"तुमच्या सासूबाई लई शहाण्या होत्या," ते म्हणाले. मग उठवा म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांना बसवलं. मी गोळी मधोमध मोडली. त्यांनी उजव्या हातानं ती डबीला टेकवली, डोळे मिटले आणि घेतली. वर पेलाभर पाणी, घोट घोट. मग आम्ही बसून राहिलो. गंगाबाई दुकानाकडं गेली. भिंतीवर माझ्याच दुकानातून गेलेलं कंपनीचं घड्याळ होतं. पाऊण तास झाला, काही नाही. मला वाटलं, आता पूजाही जाईल आणि माणूसही. तासाभरानं आप्पांची मान सैल झाली. मांडीवरचा डावा हात हळूहळू मंद होत गेला आणि थांबला. आप्पा त्या हाताकडं बघत होते. मी त्यांना अंघोळीला गरम पाणी दिलं, एकदम उठू नका, आधी बसा, असं सांगितलं. या गोळीनं उभं राहताना चक्कर येते, तेही मला त्याच दिवशी कळलं होतं.

त्यांनी डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं. मी समोर बसून त्यांच्या हाताखाली माझी ओंजळ धरली, न टेकवता, नुसती खाली. तसं करायचं असतं की नाही मला माहीत नव्हतं. आप्पांनी बघितलं आणि लिंगावर पाणी घातलं. त्या दिवशी पूजा थोडक्यात झाली. लिंग पडलं नाही. ते डबीत गेल्यावर आप्पा रडले आणि मीही रडले.

मग त्यांनी विचारलं. "गोळी तीच हाय. मग आधी कावून लागू पडत नव्हती?"

ती वेळ होती सांगायची. मी म्हणाले, "दूध आडवं येतं हिच्या. तुमी दुधासोबत घेत होता ना, ते बंद करा."

तुमी घेत होता. असं म्हणाले मी. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "मंजे माझंच चुकलं म्हणा," ते म्हणाले. मी गप्प बसले. म्हाताऱ्या माणसाला कुणी काय सांगितलं होतं ते कुठं आठवत असणार, असं मी धरून चालले. एकटी बाई, नुकतं कुठं लोक माझ्या हातून गोळ्या घेऊ लागले होते. गावात बोभाटा झाला असता तर पुन्हा सगळे 'शेठ न्हाईत का' वर आले असते. ही मी तेव्हा स्वतःला दिलेली कारणं. आज ती मलाही पटत नाहीत.

संध्याकाळी मी नवं पाकीट केलं. त्यावर लिहिलं, 'पाण्यासोबत. पूजेआधी एक तास. दूध नंतर. चुकली तर दोन एकदम नाही. मनानं बंद नाही.' दुकानातले कागद त्यानंतर काच पुसायला गेले नाहीत, मी ते वाचून फाइलला लावू लागले. आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या ऐवजी विचारू लागले, सकाळी किती वाजता उठता, पहिलं काय पोटात जातं, गोळी कशी घेता ते सांगा. लोक म्हणायचे, बाई लई चौकशा करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांकडं गेले, गोळी नीट घेतली का बघायला. तिसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच. दुकान नऊला उघडायचं, त्याआधीचे दोन तास मला घरात खायला उठायचे. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेलेली, हे नाहीत, कुकरच्या शिट्टीशिवाय घरात आवाज नाही. आप्पांकडं जायची, ते गोळी डबीला टेकवायचे, आणि हात थारेपर्यंत आम्ही बसायचो. पुढं पुढं मी माझी पूजाही तिथंच करू लागले. दोन माणसं समोरासमोर, आपापल्या तळहाताकडं बघत. एक शब्द नाही. दिवसभरात माझ्या समोर शंभर माणसं यायची, पण माणसाजवळ बसले असं वाटायचं ते तेवढाच वेळ. मी स्वतःला सांगायची, गोळीसाठी जातेय.

गोळी घ्यायला आप्पांना माझी गरज नव्हती. हे आठवड्यातच कळण्यासारखं होतं.

तीन वर्षं असं चाललं. मग गोळीचे तास कमी होऊ लागले. चार तास टिकायची ती अडीचवर आली, डॉक्टरांनी वेळा बदलल्या, पण आप्पा दोनदा अंगणात पडले. महेश जीप घेऊन आला. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, तिथंच राहतील म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं. त्याचं बरोबरच होतं.

निघायच्या सकाळी मी नेहमीच्या वेळेला गेले. गोळी झाली, पूजा झाली. महेश बाहेर जीपमध्ये गादी अंथरत होता. मला राहवेना.

"आप्पा, एक सांगायचं राहिलंय. ते दूध... दुधासोबत घ्या, असं मीच सांगितलं होतं तुमाला. तुमचं काय चुकलं नव्हतं."

आप्पांचा चेहरा आता फारसा हलत नसे. दुखण्यात तसं होतं, हसू आलं तरी बाहेर दिसत नाही. त्यांनी उशाखालचा पत्र्याचा डबा ओढायला सांगितला. ते कधीच कागद टाकत नसत, दुकानदाराची खोड. डब्यात वरच दोन खाकी पाकिटं होती, घडी करून ठेवलेली. एकावर माझ्या अक्षरात 'दुधासोबत'. दुसऱ्यावर 'पाण्यासोबत. पूजेआधी एक तास.'

"मला ठावं होतं की बाई. त्याच दिवशी कळलंतं."

"मग बोलला कावून न्हाई?"

"बोललो असतो तर तुमाला लाज वाटली असती. मग तुमी सकाळच्या यायच्या बंद झाल्या असत्या."

बाहेर महेशनं हाक मारली. आप्पांनी 'पाण्यासोबत' लिहिलेलं पाकीट उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं. "हे नेतो. तितं सूनबाईला दावायला लागंल." आणि दुसरं माझ्या हातात दिलं.